मुरण्याचा वेग

मैदानाच्या कडेला डेरन खड्डा घेतो,
फूटभर रुंद, गुडघ्याइतका खोल.
मी बादली ओतते, पट्टी टेकवते, घड्याळ लावते.
आता काम एवढंच : बघत बसायचं.

माझ्या भाषेत ‘पाणी मुरतंय’ म्हटलं
की माणसं एकमेकांकडे पाहतात.
इथे, पिट्सबर्गमध्ये, मला पगार मिळतो
तो ते मुरावं म्हणून.

पहिला खड्डा : तासाभरात एक रेघसुद्धा नाही.
खाली पोलाद कारखान्याची मळी, फुटक्या विटा,
वर सत्तर उन्हाळे सॉफ्टबॉलचे बूट.
पालथा घडा.
दुसरा तसाच. तिसऱ्यात एक मुंगळा पोहून
पलीकडे गेला, पाणी जिथल्या तिथे.

चौथा खड्डा झाडीजवळ,
जिथे चार म्हातारे लोखंडी खुंटावर
घोड्याचे नाल फेकत असतात.
बादली ओतली आणि पाणी गेलं,
खालून कुणी पेला धरल्यासारखं.
पुन्हा ओतली. पुन्हा गेलं.
“त्यात काय नवीन,” म्हातारा वेंडेल म्हणाला,
“आमची बिअर सांडली तरी अशीच जाते.”

कचेरीतल्या जुन्या नकाशात तिथे निळी रेघ आहे,
नाव नसलेला ओढा.
पुढच्या नकाशात रेघ नाही,
नुसता विटांच्या गटाराचा व्यास, इंचांत.
पत्ता बदलल्याचं ओढ्याला कुणी कळवलं नाही.
तो अजून जुन्याच घरी येतो.

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये सभा.
भिंतीवर आराखडा, टेबलावर बिस्किटं
आणि टिकल्यांचे कागद :
हवं तिथे हिरवी, नको तिथे लाल.
मी सांगितलं, पाईप एकच,
घरचं मैलापाणी आणि आभाळाचं पाणी, दोघांना मिळून,
जरा जोराची सर आली की त्याचं पोट भरतं
आणि नदीत उलटी.
म्हणून बागेत खोलगट वाफे, गवतं, खाली खडीचा थर.
डास होतील का? नाही, दिवसभरात रिकामं होतं.
मुलं बुडतील का? घोट्यापर्यंत.
पार्किंग जाईल का?
हा प्रश्न तिघांनी विचारला.

लोरेटा कोवाल्चिकने एकच टिकली घेतली
आणि लावली नकाशाबाहेर,
कागद संपतो त्याच्या वीतभर खाली, भिंतीवर.
“हे माझं तळघर. चार वर्षांत तीनदा.
नवऱ्याचं अकॉर्डियन तरंगत होतं.
पाणी बागेतून निघतं, माझ्याकडे पोचतं,
तुमच्या कागदावर मात्र ते मध्येच संपतं.”

माझे वडील मृदसंधारण खात्यात होते, खटाव तालुक्यात.
गावोगावच्या भिंतींवर गेरूने लिहून घ्यायचे :
पाणी अडवा, पाणी जिरवा.
लहानपणी मला वाटे, जिरवा म्हणजे
त्याची मस्ती उतरवा.
पाण्याने काय केलंय, विचारलं होतं मी.
ते हसले होते. उत्तर दिल्याचं आठवत नाही.
इथे मस्ती डांबराची आहे,
आणि जिरते आहे लोरेटाची.

वेंडेल म्हणाला, आमचे खुंट हलवा,
नाल कुठेही फेकता येतात.
मी वहीत लिहून घेतलं.
लिहिलं नाही ते हे :
पाच वाफ्यांचे पैसे मागितले होते, मंजूर दोनांचे.
हे सभेत सांगायचं होतं.
बिस्किटं संपली, लोक कोट घालू लागले,
राहिलं.

रात्री आराखड्याला खाली कागद जोडला, चिकटपट्टीने.
खुंटांपासून तिच्या दारापर्यंत उतार अकरा फूट.
दोन वाफे कुठेही ठेवून पाहिले,
तिच्या तळघराचं पाणी कमी होतं,
थांबत नाही.

अहवालात रकाने दोनच : हिरव्या इतक्या, लाल इतक्या.
तिची कुठल्या रंगाची होती ते मी पाहिलंच नव्हतं,
आणि नकाशा गुंडाळून आणला तेव्हा
टिकली भिंतीवरच राहिली.
सोमवारी सकाळी पहिला फोन चर्चला केला.
तेवढी एक काढू नका, म्हटलं,
मी येतेय.