ऋण

मोंतच्या चर्चखालून उतार सुरू होतो.
वेताची घसरगाडी, आत दोन पाहुणे,
मागे पांढऱ्या कपड्यांत फिर्मिनो आणि आबेल.
ब्रेक नाही. चाकंच नाहीत.
लाकडाच्या दोन पट्ट्या, चरबीच्या फडक्यानं पुसलेल्या,
आणि जुन्या टायरचे तळ ठोकलेले चार बूट.

फिर्मिनोची मुलगी नोएमिया माझ्या वर्गात आहे, दुसऱ्या वर्षाला.
तिच्या भाषेत बापाला पाय म्हणतात.
मी हसलो. का, ते तिला सांगता आलं नाही.

गृहपाठात तिनं लिहिलं:
घसरगाडी हा एक कण समजू.
मीच शिकवलं होतं तसं. कणाला आकार नसतो,
गवताची टोपी नसते, रापलेली मान नसते.
कणाला कणा नसतो.

मग नियम: जेवढं कार्य, तेवढा गतिज ऊर्जेतला फरक.
मला हा नियम आवडतो, कारण तो फार चौकशा करत नाही.
किती वेळ लागला, विचारत नाही.
कुठल्या वळणावर बाईनं किंचाळून टोपली घट्ट धरली, विचारत नाही.
दोन टोकं बघतो फक्त.
वर उभी होती? होती.
खाली थांबली? थांबली.
मग एकूण कार्य शून्य.

तिनं हे घरी वाचून दाखवलं.
फिर्मिनो मोजे काढत होता.
‘शून्य?’ म्हणाला. ‘दिवसातून सात वेळा शून्य?’

तसं नाही, पाय.
अडीचशे किलो, दोनशे मीटर खाली.
गुरुत्वाकर्षणानं दिले चार लाख नव्वद हजार जूल,
घर्षणानं तेवढेच काढून घेतले.
बरेचसे पट्ट्यांनी, उरलेले तुम्ही दोघांनी.
तुमचं काम ऋण येतं.
आणि रस्ता गाडीला खालून तोलून धरतो ना, ते लंब बल,
अख्खा भार घेतं, पण हालचालीला काटकोनात,
म्हणून त्याचं काहीच धरत नाहीत.
इदालिना, तिची आई, भांडी पुसत होती.
पुसत राहिली.

गाडी अडली ती सहगुणकापाशी.
टायरचं रबर आणि घासून आरसा झालेलं डांबर,
अशी जोडी कुठल्याच तक्त्यात सापडेना.
रात्री अकराला नोएमियानं बापाचा उजवा बूट उचलला,
आत दोन किलोचं वजन कोंबलं,
झुल्मिरा मावशीचा मासळीचा स्प्रिंगकाटा नाडीला अडकवला
आणि गल्लीतून ओढत नेला.
खिडक्या उघडल्या. कुणीतरी विचारलं, कुत्रं मेलं का?
कोरड्यावर शून्य पूर्णांक सहा.
बादलीभर पाणी ओतल्यावर तीन.

ती तिथेच उकिडवी बसली.
धुक्याच्या दिवसाचं गणित मांडलं, गुडघ्यावर वही ठेवून.
रबर निम्मंच घेतंय.
बाकीचे जूल घेतंय कोण?
फिर्मिनो दारात, एका पायात बूट.
डाव्या पायाची पँट त्यानं गुडघ्यावर ओढली.
बाहेरच्या अंगाला तळव्याएवढी जागा,
केस नसलेली, मेणासारखी.
‘दुसऱ्या वळणावरची भिंत,’ म्हणाला. ‘ओल असली की.’
आणि बूट परत मागितला. सकाळी लागणार होता.

वहीत शेवटी तिनं लिहिलंय,
कण हे गृहीतक इथे पुरत नाही.
त्याखाली उत्तर. चिन्ह ऋण.
मी पूर्ण गुण दिले आणि पेन हातात तसंच राहिलं.
माझ्या भाषेत तो शब्द वजाबाकीचाही आहे, देण्याचाही.
समासात तेवढं लिहायला जागा नव्हती.

शनिवारी उताराच्या तळाशी जाऊन उभा राहिलो.
गाड्या ट्रकवर रचत होते, डिझेल त्यांना पुन्हा वर नेणार.
फिर्मिनो कट्ट्यावर बसला, पाय पुढे करून.
मी विचारून तळाला बोट लावलं,
चटकन मागे घेतलं.

तो हसला. म्हणाला,
मोजायला आलात का तुम्हीपण?