पाचवा

गिअरबॉक्स खोलून युनूस म्हणाला,
"चार घासलेत. पाचवा कोरा.
लॉकरात ठेवलाय काय?"

काय सांगू. घर भांडुपला, कारखाना साकीनाक्याला,
मधे मेट्रोचे पत्रे.
साडेतीनशे सीसीची गाडी, पायांनी ढकलत नेतो.
क्लचची बोटं
भाकरी मोडतानाही आखडतात.

पहाटे सव्वापाचला मात्र
पवई तलावाशेजारचा सगळा रस्ता माझा.
इंजिन स्वतःहून मागतं. दे ना.

पण मागे हेमांगी,
विमानतळाच्या किचनमधली रात्रपाळी संपवून.
तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर
टक, टक,
मग खांद्याशी थांबतं.
कमरेवरचा हात सैल.

मी तिसऱ्यातच.
दुधाचा टेम्पो मागे घुटमळतो,
हॉर्न मारायच्या आत
हातानेच सांगतो,
जा बाबा, तू हो पुढे.