बहुधा खरा शर्ट

सोमवार ते गुरुवार मी लोकांचे दात साफ करते,
ऑग्डेनमध्ये, टायरच्या दुकानावरच्या दवाखान्यात.
शुक्रवारी गणवेश चढवते.
राखीव दलातली सार्जंट ओफेलिया किंतानार:
बंदूक नाही, बेड्या नाहीत,
हुकमाच्या कागदावर एकच शब्द, साहाय्य.

इमारतीला पाटी नाही.
आत खिडकी नाही, कॉफी मात्र बरी.
कानांवर हेडफोन, पायाखाली पेडल.
दाबलं की माणूस थांबतो,
सोडलं की पुन्हा बोलू लागतो.
माझ्या आईची भाषा त्याच्या तोंडून येते
आणि माझ्या बोटांतून इंग्रजी होऊन उतरते.

त्याला आम्ही चौदा नंबर म्हणतो.
पहिल्याच दिवशी मला कळलं,
याचा वरचा पुढचा दात पडलाय:
'स' म्हणताना शीळ निघते.
हे अहवालात लिहिलं नाही.
तसा रकाना नव्हता.

'चार शर्ट पाठव,' तो म्हणतो. 'मागचे ओले निघाले.'
शर्ट म्हणजे शर्ट नव्हे, हे शेंबडं पोरही सांगेल.
बोलायचे शब्द वेगळे, विकायचे वेगळे.
शर्ट म्हणजे निळ्या गोळ्या,
आणि निळी गोळी म्हणजे टॅल्मेज,
एकोणीस वर्षांचा, अक्कलदाढेसाठी यायचा,
ज्याची मार्चमधली वेळ मी माझ्या हातानं खोडली
त्याच्या आईचा फोन ठेवल्यावर.
तेव्हा माझ्याकडून फुकटची दया मागू नका.

पण सात महिने कुणाच्या ओठांशी कान लावून बसलात
तर त्याचं घर आपोआप ऐकू येतं.
आईचा गुडघा. गळका गीझर.
मुलगी, लुसेरो, पाढा चुकवते:
सात साते अठ्ठेचाळीस.
मी पेडल दाबून धरलं
आणि रिकाम्या खोलीत म्हणाले, एकोणपन्नास.

ऑगस्टात एका रात्री तो आईला म्हणाला,
'शाळेसाठी एक शर्ट घेतलाय. पिवळा.'
आता काय टाइप करायचं?
एक म्हणजे किती? पिवळा म्हणजे कुठला माल?
ते वाक्य मी अकरा वेळा ऐकलं.
शीळ तीच. पण 'घेतलाय'च्या आधी किंचित थांबला,
जसा माणूस किंमत आठवून थांबतो.
मी कंसात लिहिलं: बहुधा खरा शर्ट.

एजंट थ्रेलकेल्ड खुर्ची ओढून शेजारी बसला.
'बहुधा, कशावरून?'
काय सांगणार होते? दातावरून?
'थांबण्यावरून,' म्हटलं.
त्यानं कंस तसाच राहू दिला. माणूस वाईट नाही.

धाड मंगळवारी पहाटे पडली.
मी झोपले होते; मंगळवार माझा नव्हे.
शुक्रवारी आले तर चौदा नंबरची रेघ
पडद्यावर आडवी, ऊ की चू नाही.
जप्तीची यादी पुढे आली:
नावांची स्पेलिंगं तेवढी बघून दे.
रोकड. वजनकाटा. तीन फोन.
गोळ्या, नऊ हजार दोनशे.
(टॅल्मेजला एक पुरली होती.)
सतरावी नोंद: शर्ट, नग एक, लहान मुलीचा, पिवळा,
किमतीची चिठ्ठी न काढलेली.

स्पेलिंगं बरोबर होती. मी सही केली.

परवा दवाखान्यात एक जण खुर्चीत आडवा झाला.
'सावकाश, सेन्योरा,' म्हणाला,
आणि शीळ आली.
माझा पाय पेडलवर गेला, त्याला थांबवायला.
खुर्ची वर सरकली.
तो नव्हता. हा साठीचा, सुतार,
हसून म्हणाला, आणखी किती उंच नेणार?
मी म्हटलं, आ करा.
त्यानं आ केला.
आणि दिवा धरून मी बराच वेळ
त्या एका मोकळ्या जागेकडे बघत राहिले,
जिथून जाताना शब्दाला वारा लागतो.