उलटी वाहणारी नदी

खिळे मीच ठोकले, एकोणीस.
कुताइसीच्या या जुन्या टपाल कचेरीत
भिंत ओली आहे. दोन निसटले,
म्हणून दोन चित्रं खुर्च्यांवर बसलीत
पाहुण्यांसारखी.

लामारा अकरा वर्षं इटलीत होती,
बारी नावाच्या बंदरात,
एका म्हातारीचं अंथरूण, आंघोळ, गोळ्या बघत.
रात्री म्हातारीचा डोळा लागला की
औषधांच्या खोक्यांच्या पाठीवर
आपलं गाव रंगवायची.
कडेला अजून वाचता येतं:
दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

वालिको आला. टोपी काढून बराच वेळ पाहत राहिला.
म्हणाला, "बाई, रिओनी उलटी वाहतेय."
खरंच. पूल बरोबर, डोंगर बरोबर,
नदी मात्र समुद्राकडून घराकडे.
लामारा हसली नाही.
"तिकडून तशीच दिसायची," इतकंच.

मग वाईन, अक्रोड, लांबलेली भाषणं.
मी खुर्च्या हलवत होतो, तेव्हा
तिची मगदा दिसली एका चित्रासमोर,
आईपेक्षा वीतभर उंच.
चित्रात दारात एक पोर, दोन वेण्या,
समोरचा दात पडलेला.
एकोणीसही चित्रांत तीच पोर, त्याच वेण्या,
बोटभरही वाढलेली नाही.

मगदाने माझ्याकडे पेन्सिल मागितली.
मला वाटलं, वहीत अभिप्राय लिहायचा असेल.
तिने चित्राशेजारी भिंतीला पाठ टेकवली,
डोक्यावर पेन्सिल आडवी धरली,
खूण केली
आणि आईला हाक मारली.

चित्रं उतरवून महिना झाला.
काल रंगारी आले होते.
त्यांना म्हटलं, सगळी भिंत घ्या,
ती रेघ तेवढी सोडा.