चार श्रेयांकांचा विषय

लेकीचा बी.कॉम.चा फॉर्म भरायला गेले होते,
गंगापूर रोडने पार पुढे, बसमधून उतरून उन्हात चालत.
खिडकीवरचा माणूस जेवायला उठलेला.
मग भिंतीवरचं वाचत बसले,
वाण्याच्या पुडीचा कागद वाचावा तसं.

सैनिकी इतिहास, असं वर ठळक.
मला वाटलं, तलवारी असणार, तहाची कलमं,
कुठल्या साली कोण कुणावर चालून गेलं.
खाली बघते तर
खेचरं आणि डोंगरी तोफा, दोन श्रेयांक.
चिखल: पावसात अडकलेल्या मोहिमा, दोन.
सेन्सॉरने खोडलेली पत्रं.
हरलेल्यांनी लिहिलेले अहवाल.
आणि तळाशी, टाचणी गंजून कागद तपकिरी झालेला तिथे,
छावणीची मागची बाजू:
धोबी, भिश्ती, न्हावी, मोची. चार श्रेयांक.

चार.
तोफांपेक्षा दोन जास्त.
मी मोठ्याने हसले असणार,
शेजारच्या पोराने मोबाईलमधून मान वर काढली.

माझा बाप, सखाहरी परीट, देवळाली कॅम्पातला.
दारणेवर त्याचा दगड होता,
अजून आहे, मधोमध खोलगट, पावसानंतर त्यात चिमण्या पाणी पितात.
अक्षर एक येत नव्हतं.
बिब्ब्याचं तेल सुईच्या टोकावर घेऊन
कॉलरच्या आतून खूण करायचा.
एक टिंब, आडवी रेघ: तिसऱ्या बरॅकीतला उंच, फार घामट.
दोन टिंबं, फुली: खिशात पत्रं विसरणारा.
बिब्बा उतायचा बोटांवर.
त्या फोडांनीच त्याने आख्खी पलटण पाठ केली.

एकाहत्तरच्या लढाईला गाड्या रातोरात भरून गेल्या.
(मी तेव्हा पाळण्यात. हे सगळं ऐकीव.)
सकाळी बाप गठुडी घेऊन गेला
तर बरॅकीत नुसता झाडूवाला.
पुढे पलटण परतली,
ज्याने त्याने आपलं गठुडं नेलं,
एकाने धुलाईच्या वर पावशेर पेढे दिले.
तीन उरली.
आई म्हणाली, विकून टाका, कापड चांगलंय.
बाप म्हणाला, बदली झाली असेल.
दर दिवाळीआधी ती तिन्ही उघडायची,
पुन्हा भट्टी, पुन्हा खळ, पुन्हा इस्त्री.
सव्वीस वर्षं बदली झाली असेल.

खिडकीवरचा माणूस आला, दातात काडी.
म्हटलं, ह्याला काय लागतं?
बारावी पास. वय?
चोपन्न.
काय करता?
लॅम रोडला लाँड्री.
तो म्हणाला, ताई, हा विषय कुणी घेत नाही,
तोफखान्याचा घ्या ना, देवळालीच्याच तुम्ही.
लेकीचे पैसे भरले. मग पर्समधले माझे मोजले.
गॅस सिलिंडरचे होते ते.

पहिल्या रविवारी आम्ही पाच जण.
दोन रिटायर्ड सुभेदार, एक मोचीकाम करणारा भगूरचा पोरगा,
एक मुलगी, जिला दुसरा विषय मिळाला नव्हता.
खैरनार मॅडमनी विचारलं, साधन म्हणजे काय?
फर्मान, म्हणाला एक सुभेदार. शिक्का. रोजनिशी.
मी विचारलं, ऐकीव चालतं का?
चालतं, पण सोबत काहीतरी असावं लागतं.

पिशवीतून एक सदरा काढला.
कॉलर उलटी केली.
मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला. कुणाचा?
नाव नाही माहीत. खूण आहे.
सगळे गप्प.
मग धाकटे सुभेदार पुढे झाले, बाही दोन बोटांत धरली,
म्हणाले, खळ जरा जास्त झालीय.
म्हटलं, बापाचं माप आहे, मी नाही बदलत.

मॅडमनी फळ्यावर खूण काढली:
दोन टिंबं, फुली.
फुलीची एक रेघ त्यांच्याकडून लांब गेली.
मी उठले,
ओल्या बोटाने ती थोडी पुसली.