येवल्याहून आणलेली

शाईच्या कंपनीचं एक कॅलेंडर होतं
आमच्या सेक्शनच्या खांबावर.
जुलैच्या पानावर मॉर्गन जातीची घोडी,
तांबूस, मान जराशी वळवलेली,
मागं कुठल्यातरी परक्या देशाचं गवत.
ऑगस्ट आला, दिवाळी आली,
मी पान उलटू दिलं नाही.
साहेब म्हणाले, "आव्हाडबाई,
तुमचा जुलै संपत नाही वाटतं."

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
दुसऱ्यांचे पैसे पाहिले.
पाहिले म्हणजे तपासले.
शाई पसरली, बाजूला.
कड सरकली, बाजूला.
आकडा फिका, बाजूला.
घरी डाळ निवडतानाही बोटं तशीच चालायची.

भाचीला वाटलं, फंडातून मी फ्लॅट घेईन
पाथर्डी फाट्याला.
मी मंगळवारी येवल्याला गेले.

बाजारात मॉर्गन नव्हती. असायची कशाला!
काठेवाडी होत्या, मारवाडी होत्या,
कानांची टोकं एकमेकांना टेकवून उभ्या,
आणि पार कडेला, बाभळीला बांधलेली ही.
जात कुठली, ते लतीफचाचांनाही धड सांगता येईना.
कुमेद रंग. एकच पाय पांढरा, तोही घोट्यापर्यंत,
मोजा घालायला घेतला
आणि मध्येच कुणी हाक मारली, असा.

"बसणार का बाई?"
"नाही."
"टांग्याला?"
"नाही."
"मग वरातीला भाड्यानं?"
"नाही."
तेव्हा कुठं त्यांनी पान एका गालात सारून
माझ्याकडं नीट पाहिलं.

दात पाहिले, पाच वर्षांची. खूर उचलून पाहिला.
मग डाव्या डोळ्याखाली
तेल लावून चापून बसवलेले केस दिसले.
"आसूढाळ आहे," मी म्हणाले.
चाचा गप्प. मग हळूच,
"तीन बाजार परत नेली. भोवरा पाहिला की
लोक दावं हातातून सोडतात."

बाजूला. बाजूला.
माझ्या हातून किती गेल्या बाजूला,
पुढं त्यांचा भुसा होत असे,
तो बघायला मी कधी गेले नाही.

उपरण्याखाली हात घ्यायचा, तर चाचा थबकले,
बाईचा हात.
मीच आत घातला.
त्यांनी बोटं दाबली, मी एक सोडवून घेतलं,
त्यांनी अर्धं परत मागितलं. झालं.
नोटा मोजायला ते थुंकी लावू लागले, तशी म्हटलं,
"द्या इकडं."
पंख्यासारख्या उलगडून एका दमात मोजल्या.
शेजारचे दोन दलाल चहा प्यायचे थांबले.

टेम्पो रंगनाथचा, कांद्याचा,
फळ्यांना अजून साली चिकटलेल्या.
मी पुढं बसले नाही.
विंचूर गेलं, निफाड गेलं,
प्रत्येक गतिरोधकाला आम्ही दोघी
एकदमच तोल सावरायचो.
चांदोरीपाशी नदीचा वास आला
तेव्हा तिच्या नाकपुड्या पहिल्यांदा हलल्या.

माडसांगवीला दारात आली, पण उतरेना.
फळी लावली, गूळ दाखवला,
रंगनाथ म्हणाला, मागून रेटू का?
मी म्हटलं, राहू दे.
पाठ फिरवून घराकडं चालू लागले, सावकाश,
दावं सैल.
मागं फळी वाजली.
एक टाप.
बराच वेळ काही नाही.
मग दुसरी.

मथुरामावशींनी पायांवर पाणी घातलं,
भाकरतुकडा ओवाळून टाकला,
म्हणाल्या, "नाव लक्ष्मी ठेवा,
तुमचा जन्म तिच्यातच गेला."
म्हणूनच नको, मावशी.

रात्री ती बसली नाही. मीही नाही.
ओढ्याकडून मालगाडी गेली, डबे मोजत बसले,
तिचे कान गाडीबरोबर वळत गेले, शेवटच्या डब्यापर्यंत.
मग त्या भोवऱ्यावर बोट ठेवलं.
उलटे फिरलेले थोडे केस.
बाकी काही नव्हतं तिथं.

तिनं माझा तळहात हुंगला.
एकतीस वर्षं रोज साबणानं घासलेला,
तिला काय सापडलं कोण जाणे,
तिनं तो पुन्हा हुंगला.