एका ओहोटीला एक

पाणी गेलं की होडी दोन बुटक्या पायांवर उभी राहते,
पोट उघडं, अंगभर शिंपल्यांची खरूज.
मग पाच तास आपले.
पेंझेच्या खाडीत घड्याळ कुणी पाहत नाही,
चिखलावरची चमक पाहतात.

गुल्वेन म्हणाला, एका ओहोटीला एकच भोक.
चाळीस वर्षं त्यानं मोर्लेच्या घरांत नळ बसवले.
"तिथं पाणी घरात आणायचं,
इथं घरात येऊ द्यायचं नाही.
बाकी धंदा तोच."

भोकं चार.
मोरीचं एक, संडासाची दोन,
आणि इंजिनाच्या तहानेसाठी एक.
समुद्रात राहायचं तर समुद्राला
थोडी वाट द्यावीच लागते.
प्रश्न फक्त दाराचा.

दारं माझ्या भावानं बसवली होती.
ट्युग्द्युआलनं, सत्त्याण्णव साली, दोन रविवार खपून.
"अस्सल कांसं," म्हणाला होता,
"आपल्या दोघांना पुरून उरेल."
आता तो रेनला असतो.
होडी कुणाची यावरून जे झालं, त्यानंतर
नाताळला कार्ड येतं. छापील मजकूर, खाली सही.

पहिल्या व्हॉल्व्हची मूठ फिरवली
तर मूठच हातात आली.
गुल्वेननं सुरीनं खरवडलं.
आत गुलाबी,
दात यायच्या आधीच्या हिरडीसारखं गुलाबी.
"जस्त गेलं. समुद्रानं चोखून खाल्लं.
हे उरलंय ते बिस्कीट."
हातोडीनं टकटक केलं.
कांसं वाजतं. हे बोललंच नाही.
पितळ होतं, आणि ते उघडं पडलं,
इतकं शब्दशः मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या रात्री मनातल्या मनात रेनला फोन केला.
तीनदा.
दर खेपेला वाक्यं आणखी धारदार झाली.

दुसऱ्या ओहोटीला ग्राइंडरनं बाहेरची टोपी कापली,
आतून एक ठोसा, आणि होडीत उजेड आला,
नाण्याएवढा.
मी वाकून पाहिलं:
माझ्या स्वयंपाकघराच्या तळाखाली
एक खेकडा तिरका तिरका निघाला होता कामावर.
पन्नास वर्षांच्या फायबरमध्ये
समुद्र आणि माझ्यात काय होतं, तर हे.

तिसरा निमूट निघाला.

चौथा संडासामागे.
तिथं बरगड्यांवर आडवं पडून, गाल भिंतीला लावून
चाचपडत जावं लागतं.
बोटांना सुतळी लागली.
ओढली तर मागून आली लाकडाची बुचं,
चार, एका माळेत,
निमुळती, घासून गुळगुळीत केलेली,
प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलनं आकडा:
एक, दोन, तीन, चार.
आणि शेवटच्यावर साल. अठ्ठ्याण्णव.

म्हणजे वर्षभरातच त्याला कळलं होतं.
कुणी सांगितलं, की त्यानंच सुरी लावली?
त्या वर्षी त्याची कॅनरी बंद पडली होती,
नवे चार घ्यायला पैसे नव्हते,
आणि तोंड तर त्याला कधीच नव्हतं.

गुल्वेननं चार नंबरचं बूच
चार नंबरच्या भोकात घालून पाहिलं.
बसलं. केसाची फट नाही.
"नळवाला असता तर चांगला झाला असता," तो म्हणाला.
मी उत्तर दिलं नाही, नाक पुसलं,
हाताला लागलेला काळा सीलंट नाकालाही लागला.

नवे कांशाचे.
प्रत्येकावर हातोडी: टण्ण.
प्रत्येकाच्या गळ्यात त्याचं त्याचं बूच बांधलं,
सुतळी फक्त नवी.

चमक आता किनाऱ्याकडे सरकत होती.
खेकड्यांनी आधी ऐकलं, मग बगळ्यांनी, मग आम्ही.
टॉर्च तोंडात धरून मी आडवी पडले
आणि बोट फिरवत गेले.
मोरी, कोरडी. इंजिन, कोरडं.
संडासाचा पहिला, कोरडा.
दुसऱ्याच्या नटाखाली एक थेंब
पडू की नको अशा विचारात.
पान्याचा पाव फेरा.
थेंब पुसला. थांबले. परत आला नाही.

यंदाच्या कार्डावर सहीच्या वर जागा असते तेवढी.
'बुचं सापडली.'
एवढं मावेल.

पाय चिखलातून सुटले, होडी हलकेच डुलली.
वरून गुल्वेननं विचारलं, "कोरडं?"

"अजून तरी," मी म्हटलं.